साकवाची नऊ पानं

“पण चुकलंय काय, ते तरी सांगाल?”

धनाजी मास्तरानं तिसऱ्यांदा विचारलं. हातात नऊ पानं होती. वळणदार अक्षर, समास सोडलेला, मथळ्यांखाली लाल रेघ. ‘साकव : बांधणी आणि महत्त्व’. शिक्षकांच्या माहितीपर लेखनाच्या स्पर्धेत तालुक्यात पहिलं आलं होतं ते.

आवडाकाकी पडवीतल्या खाटेवर पडून होती. तिनं डोळे उघडले नाहीत.

वाडीच्या ओढ्यावरचा लाकडी साकव चाळीस वर्षं दर पावसाळ्याच्या तोंडाला तिनंच बांधला. नवरा गेला त्या साली ‘बाईमाणसानं साकवाला हात लावायचा नाही’ म्हणून चार बाप्ये आडवे आले. “मग पोहून जा,” म्हणाली, आणि एकटीनं पोफळीची खोडं ओढून आणली. पुढं कुणी तोंड उघडलं नाही. शिकायलाही कुणी आलं नाही. आला तो हा एकच, घाटावरून बदली होऊन आलेला मास्तर. दोन पावसाळे तिच्या हाताखाली राबला होता.

यंदा काकीच्या खुब्याचं हाड मोडलं. उद्या सकाळी तिला ऑपरेशनला नेणार. मास्तर रविवारी तालुक्याला, बक्षीस घ्यायला. त्याच रविवारी वाडीतल्या बायका साकव बांधणार आणि सोमवारी शाळा उघडली की पलीकडची सोळा पोरं त्यावरून येणार.

बायकांच्या हाती उरणार होती फक्त ही नऊ पानं.

“वाच,” काकी म्हणाली.

मास्तरानं घसा साफ केला. “मानवी संस्कृतीच्या जडणघडणीत दळणवळणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. अश्मयुगीन मानव...”

“पाणी वाढलं.”

“काय?”

“तू वाचतोयस तोवर ओढ्याचं पाणी वाढलं. चालू दे.”

मास्तराला ते झोंबलं. “ही प्रस्तावना आहे, काकी. आधी प्रस्तावना, मग विस्तार, शेवटी समारोप आणि सूचना. मी पोरांना हेच शिकवतो. मार्क यालाच आहेत.”

“मार्क देणारा साहेब येतो कसा?”

“जीपनं.”

“ओढ्यातून?”

“नाही... मोठ्या पुलावरून. वळसा घालून.”

“मग झालं तर.”

“झालं काय? नऊ महिने खपलोय मी यावर! तुम्ही शिकवलेली प्रत्येक गोष्ट यात आहे. एक सुटलेली दाखवा. एक!”

“नाय सुटलेली. सगळं आहे.”

“मग?”

काकीनं उशाची काठी उचलली आणि अंगणाकडे रोखली. अंगणातून बागेला पाणी नेणारा पाट होता, दोन हात रुंद. कुंपणाशी बांबू पडले होते, कुंपणावर रानवेल वाळत होती.

“त्या पाटावर बांध. कागदात बघून. मी शिकवलेलं विसर.”

मास्तर ताडकन उठला. दाखवतोच हिला, असं मनात म्हणाला.

चौथ्या पानापर्यंत इतिहास होता. ती पानं त्यानं वाचून बाजूला ठेवली. पाचव्या पानावर लांबीचे बांबू ठेवले. सहाव्यावर आडव्या कांबी मांडल्या. सातव्यावर होतं, ‘रानवेलीला पीळ देऊन सांधे घट्ट आवळावेत.’ त्यानं कुंपणावरची वेल ओढली... आणि सवयीनं त्याचा हात पाटाच्या पाण्याकडे गेला.

काठी खाटेच्या पायावर खाडकन आपटली.

“हात आवर! कागदात आहे?”

“आहे! नवव्या पानावर आहे!”

“नववं आलं काय?”

“नाही, पण मला माहितीये ना...”

“तू रविवारी इथे आहेस?”

मास्तरानं ओठ आवळले. बरं. कोरडी तर कोरडी. कोरडी वेल पिळली. ती करकरली, दोन ठिकाणी उकलली. त्यानं गाठी मारल्या. आठव्या पानावर साकवाचं सामाजिक महत्त्व होतं, तेही मोठ्यानं वाचलं, मुद्दाम.

“चढ.”

“काकी...”

“बांधून झालं की माणूस चढतो. चढ.”

तो चढला. दुसऱ्या पावलाला वेल तुटली, बांबू फिरला आणि मास्तर धाडदिशी पाटात बसला. नडगी सोलली. ओल्या धोतरासारखी पँट अंगाला चिकटली. पण पानं धरलेला हात मात्र डोक्याच्या वर, ताठ.

“कागद कोरडे राहिले हो,” काकी म्हणाली.

“लिहिलंय मी!” मास्तर पाण्यातूनच ओरडला. “हे बघा! नववं पान! ‘विशेष सूचना : वेल आदल्या दिवशी भिजत घालावी. कोरडी वेल तुटते.’ स्पष्ट लिहिलंय!”

“कोण वाचणार ते?”

“बांधणारा!”

“आणि तेव्हा तो कुठं असेल?”

मास्तरानं खाली पाहिलं. पाटाचं पाणी त्याच्या मांड्यांवरून शांतपणे बागेत चाललं होतं...

तरी तो हटला नाही. बाहेर आला, पँट पिळली. “मी हे बदलणार नाही. सहा परीक्षकांनी वाचलंय. एकालाही खटकलं नाही.”

“नको बदलूस.” काकीनं कूस बदलायचा प्रयत्न केला, कळ आली, दात आवळून ती थांबली. “त्या सोळा पोरांतलं सगळ्यांत लहान कोण रे?”

“...तुळशीची चिंगी. यंदा पहिलीत येतेय.”

“तिला पोहता येतं?”





मास्तर पडवीच्या पायरीवर बसला. चड्डीपर्यंत भिजलेला, नडगीतून रक्त येतंय. त्यानं पहिलं पान घेतलं, मानवी संस्कृतीचं. उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर खिशातली पेन्सिल टेकवली. टेकलेलीच राहिली.

“काकी,” तो हळूच म्हणाला, “पहिलं वाक्य काय लिहू?”

तिचे डोळे मिटलेले. झोप लागली असावी, असं त्याला वाटलं...

“वेल भिजत घातलीत का?”