भिंतीवरचं मधलं ताट

माझी शकूताई गेली, पण तिची भिंत अजून आहे. आमच्या भाड्याच्या खोलीला ओल यायची. तेव्हा ताईनं जुन्या बाजारातून पितळी ताटं, वाडगे, झाकणं आणली, चिंचेनं लखलखीत घासली आणि भिंतभर टांगली. अख्खी गल्ली बघायला यायची.

एक दिवस घरमालक आबासाहेब इंगवले चार माणसं घेऊन आले. "हे भंगार आत्ता उतरव, नाहीतर खोली खाली कर!"

मी चिडून अंगावर धावलो. ताईनं कॉलर धरून मला मागं ओढलं.

"उतरवते, आबासाहेब. पण भिंत तुमची. पहिलं ताट तुमच्या हातानं काढा. ते मधलं."

आबासाहेबांनी ताट हिसकलं आणि थबकले. भांड्यांवर नाव घालायची आपली रीत. काठावर ठिपक्यांनी कोरलं होतं, 'सौ. चंद्रभागा रामराव इंगवले'. ती त्यांची आई. ती गेल्यावर त्यांनीच तिची सगळी भांडी मोडीत घातली होती.

"आता हे भंगार कुठं टाकू, तेवढं सांगा," ताई म्हणाली.

चारही माणसं ताटाकडं बघत राहिली. आबासाहेबांनी ते गुपचूप परत खिळ्याला लावलं आणि वाकडं दिसलं म्हणून सरळही केलं.

"आईला भेटायला कधीही या," ताई म्हणाली. "चहा ठेवीन."

परवा ताईच्या तेराव्याला आबासाहेब पितळी ताट घेऊन आले. काठावर ताईचं नाव होतं. खिळा मीच ठोकला, चंद्रभागाबाईंच्या शेजारी.