गुळाची वाटी

"चूक काढा, महाराज. एक तरी चूक काढून दाखवा."

अच्युत मास्तर असं म्हणाले तेव्हा केवळनाथांच्या बशीत चहा होता. त्यांनी घाई केली नाही. फुंकर मारून उरलेला चहा संपवला, पांढऱ्या मिशा पुसल्या आणि मग समोरच्या गोधडीकडे पाहिलं.

गोधडीत एक घर होतं.

मास्तरांनी ते गावातून टेकडीवरच्या या मठापर्यंत टेम्पोत मांडीवर धरून आणलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ते "हळू, हळू" म्हणत. शेवटी ड्रायव्हर वैतागला आणि आत कुणी बाळंतीण आहे काय, असं त्याने विचारलं. मास्तर त्यावर हसले नव्हते. हसण्यावारी नेण्याजोगं ते काम नव्हतंच मुळी.

त्यांनी गोधडी सोडली.

हातभर लांब आणि वीतभर उंच असं ते तांबटाचं घर होतं. संस्थानाच्या काळात त्यांच्या गावच्या तांबट आळीत होती तसलं. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, बाजूला भट्टी आणि भाता. अंगठ्याएवढ्या तांब्याच्या घागरी, त्यांवर हातोडीच्या ठोक्यांची नक्षी. फिरणारं जातं. कणग्या धान्याने भरलेल्या होत्या, पण आत राजगिरा होता. ज्वारीचा खरा दाणा त्या घरात धोंड्याएवढा दिसला असता. मास्तरांचं असं सगळं मोजूनमापून असे.

"छान हाय," केवळनाथ म्हणाले.

"छान नको, महाराज. बरोबर आहे का ते सांगा."

मास्तरांनी हयातभर हायस्कुलात चित्रकला शिकवली. पोरांच्या चित्रांवर लाल पेन्सिल फिरवता फिरवता ती पेन्सिल त्यांच्या जिभेवर येऊन बसली. लग्न झालं नाही. जमलं नाही म्हणा. रिटायर झाल्यावर त्यांनी ही छोटी घरं करायला घेतली. सोनाराचं केलं, कोष्ट्याचं केलं, मग हे. सुरुवातीला शेजारपाजारची माणसं कौतुकाने बघायला येत. कुणी म्हणे, किती गोड खेळणं! मग मास्तर त्यांना खेळणं आणि इतिहास यांतला फरक समजावून सांगत, आणि तो थोडक्यात सांगता येण्यासारखा नव्हता. पुढे त्यांनी पाटी लावली, 'हात लावू नये'. लोकांनी हात लावणं सोडलं. मग येणंही सोडलं.

तांबट आळी आता उरलेली नाही. ती उभी असताना पाहिलेलं एकच माणूस जवळपास होतं, ते म्हणजे केवळनाथ. तरुणपणी ते तिथं भिक्षेला जात.

"तुम्ही ती घरं पाहिलीत, महाराज. म्हणून तुमच्याकडे आलो."

"पायली. पर दारातनं पायली. गोसाव्याला आत कोन घेतंय?"

असं म्हणून ते उठले. खुंटीवरची झोळी काढून त्यांनी खांद्याला लावली, गुडघ्यांवर हात टेकत त्या घरासमोर आले आणि वाकून बोटभर दारापुढे झोळी पसरली.

"अलख... वाढा, माई."

मास्तरांना हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण म्हातारा थट्टा करत नव्हता. गोसाव्याने दारात किती वेळ थांबायचं त्याचीही रीत असते. गाय पिळायला लागतो तेवढा वेळ थांबायचं, त्याहून जास्त नाही. केवळनाथ तेवढा वेळ वाकून उभे राहिले. धुनीतलं लाकूड तडतडत होतं...

आपणही कान देऊन ऐकतो आहोत, हे मास्तरांच्या उशिरा ध्यानात आलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कुनी न्हाई?" केवळनाथांनी विचारलं.

"माणसं केलेली नाहीत, महाराज. घराची मापं मिळतात. माणसांचं खात्रीचं काही मिळत नाही. अंदाजाने केली असती तर सगळंच खोटं पडलं असतं."

"म्हंजी 'पुढं व्हा' म्हनायलाबी कुनी न्हाई."



केवळनाथ कण्हत खाली बसले आणि दाराला डोळा लावून आत पाहू लागले. बराच वेळ पाहिलं. मास्तर पाठीमागे उभे होते. पेपर तपासायला दिलेल्या पोरासारखे ते खांद्यावरून डोकावत होते.

"वसरीवर तांब्या हाय. पानी खरं दिसतंय."

"खरंच आहे. रोज भरतो. ड्रॉपरचा एक थेंब पुरतो, पण संध्याकाळपर्यंत उडून जातो."

"रोज? कुनासाठी?"

"आल्यागेल्यासाठी. तेव्हा रीतच होती ती. उन्हातून कुणी आलं की आधी गूळपाणी."

"आनि शेजारची वाटी?"

"ती गुळाची."

"रिकामी हाय."

मास्तर गोधडीच्या घड्या घालू लागले. एक घातली, ती मोडली, पुन्हा घातली...

मग त्यांनी सांगितलं. विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

त्यांना सख्खं असं एकच माणूस होतं, मथूताई. मोठी बहीण, फलटणला दिलेली. दर भाऊबीजेला ती एसटीने यायची, ओवाळायची, रात्रीपुरती राहायची, दुसऱ्या दिवशी डब्यात चार दिवसांचं फराळाचं भरून ठेवून जायची. अशाच एका भाऊबीजेला मास्तर दूध आणायला गेले आणि परत येऊन बघतात तर ताई या घरापुढे मांडी ठोकून बसलेली. मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातली चिमूटभर साखर तिने त्या वाटीत घातली होती. सणाच्या दिवशी वाटी रिकामी कशी ठेवायची, एवढंच तिच्या मनात.

साखर! तांबटाच्या घरी! त्या काळात!

मास्तरांनी पाटी लावली होती तरी हिने हात लावला. ते तिला साखर कधी आली, कुठून आली, कुणाच्या घरात होती आणि कुणाच्या नव्हती, हे सगळं ऐकवत बसले. वाटी उपडी केली. ओल्या बोळ्याने एकेक कण टिपून काढला. मुंग्या लागल्या असत्या तर माझ्या कामाची माती झाली असती, असंही म्हणाले. ताईने हात धुऊन पदराला पुसले. "चुकलं रे माझं, अच्यू," म्हणाली. ओवाळलं, आणि मुक्काम न करता दुपारच्याच गाडीने गेली.

त्यानंतर भाऊबीज आली की ताईचा निरोप येतो, गुडघा दुखतोय. गुडघा दुखतो हे खरंच आहे. पण तो आधीही दुखायचा, आणि ती यायची.

"गूळ तरी घालायचा हुता," केवळनाथ म्हणाले.

"गुळाला पाणी सुटतं. मुंग्या लागतात."

"हं..."

धुनीतला धूर दोघांच्या मधून फिरत राहिला. मास्तर जे विचारायला एवढ्या लांब आले होते ते आता ओठांवर आलं होतं. घर, मापं, घागरी हे सगळं निमित्त होतं. या म्हाताऱ्याने एकदा बरोबर म्हटलं असतं तर त्या दिवशीचं त्यांचं बोलणंही बरोबर ठरलं असतं. मग रात्री डोळा लागला असता.

"महाराज, एवढंच सांगा. तांबटाच्या घरी तेव्हा साखर... नव्हती ना?"

केवळनाथांनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

"नव्हती," ते म्हणाले. "गूळच घालायच्या आयाबाया. साखर म्या त्या आळीत कंदी पायली न्हाई."

मास्तर जिंकले.

पाठीवर थाप पडावी तसा क्षणभर त्यांचा ऊर भरून आला. हे कुणाला तरी ताबडतोब सांगावंसं वाटलं. कुणाला सांगावं, म्हणून त्यांनी मनातल्या मनात एकेक दार ठोठावलं. फलटणचं दार आलं तिथं ते थांबले... आणि पुढे जायला दुसरं दार नव्हतं.

ते घरासमोर खाली बसले.

केवळनाथांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. धुनीजवळच्या पितळी ताटलीत प्रसादाची साखर होती. त्यातली चिमूट घेऊन त्यांनी हात दाराशी नेला. वयाने बोटं कापत होती. थोडी साखर वाटीत पडली, थोडी ओसरीवर, थोडी तांब्यातल्या थेंबात.

मास्तरांचा हात पुढे झाला. "महाराज, त्या काळी..."

बोलणं अर्ध्यावर राहिलं आणि हातही. म्हाताऱ्याच्या कापऱ्या बोटांत त्यांना दुसरीच बोटं दिसली, ओली, पदराला पुसलेली. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

खूप वेळाने त्यांनी घर जवळ ओढलं. गोधडी गुंडाळायची तर ते बोटभर दार आधी लावून घ्यायला हवं होतं. त्यांनी नखाने कडी धरली आणि ओसरीवर सांडलेल्या साखरेकडे पाहत तशीच धरून ठेवली.

"मुंग्या येतील, महाराज," ते म्हणाले.

"येतील?" केवळनाथ झोळी खुंटीला अडकवत म्हणाले. "मग दार लावू नगा, मास्तर."