सावल्यांचे सैन्य

एका राज्यात दुर्जय नावाचा राजा होता. नदीपलीकडच्या अंशुमान राजाशी त्याचे वैर पडले, आणि युद्धाच्या धास्तीने प्रजा नदी ओलांडून जाऊ लागली. तिला अडवण्यासाठी दुर्जयाने काळकेतू मांत्रिकाला बोलावले. काळकेतूने पाणी मंत्रून टाकले. तेव्हापासून जो पार होई त्याचा देह पलीकडे जाई, सावली अलीकडेच राही. त्या सावल्यांच्या हाती मांत्रिकाने भाले दिले.

काठावरचे काळे सैन्य पाहून अंशुमान भ्याला. त्याने दुर्जयाची गावे जाळली. गावे जळाली तशी आणखी माणसे पळाली, आणि सैन्य आणखी वाढले.

तान्ह्या लेकीला घेऊन पळालेल्यांत कुमुदिनी रंगारीण होती. पलीकडे बिनसावलीच्यांना कोणी दारात उभे करीना. शत्रूचीच माणसे ही, असे लोक म्हणत. अखेर अंशुमानाने दवंडी पिटली की, पौर्णिमेला या सर्वांना नदीत लोटावे.

कुमुदिनी काठावर रडत बसली. तिथे एक टिटवी होती. ती म्हणाली, "तीन कामे कर. आलीस त्या वाटेने परत जा. हजारांतून तुझी सावली ओळख. ती कोणाला भिते, ते तिलाच विचार."

लेकीला छातीशी बांधून कुमुदिनी पाण्यात उतरली आणि दुर्जयाच्या काठावर आली. माध्यान्ह होती, तरी सावल्या लांबच लांब उभ्या होत्या. डोळे एकीलाही नव्हते, पण साऱ्या तिच्याकडेच पाहत होत्या. कित्येकींच्या एका हाती भाला होता आणि कडेवर सावलीचेच तान्हे. यातली आपली कोणती, हे तिला कळेना. तेवढ्यात लेक किरकिरली, म्हणून ती सवयीने डोलू लागली. दूरच्या रांगेत एक सावली डोलली.

कुमुदिनी तिच्यापुढे गेली. "तू कोणाला भितेस?"

"पलीकडच्यांना. ते येऊन माझे लेकरू मारतील."

"पलीकडे मी राहते," कुमुदिनी म्हणाली. "आणि हे तेच लेकरू."

सावलीने गार बोटांनी लेकीचा चेहरा चाचपला. भाला गळून पडला. ती कुमुदिनीच्या पायांशी येऊन निजली.

ही कुजबूज रांगांतून पसरत नदीपार गेली. पलीकडची बिनसावलीची माणसे पाण्यात उतरली आणि आपापल्या सावल्यांना हाका मारू लागली. सावल्या आपापल्या माणसांना जाऊन मिळाल्या, तसा काळकेतूचा मंत्र त्याच्यावरच उलटला. भर उन्हात तो मांत्रिक विरून गेला.

समोर सैन्यच उरले नाही, तेव्हा अंशुमानाने दवंडी मागे घेतली आणि दुर्जयाने घाट मोकळे केले. कोणी घरी परतले, कोणी तिथेच राहिले. कुमुदिनीने पलीकडेच आपली रंगाची भट्टी लावली.

पण काही सावल्या तीरावर तशाच उभ्या राहिल्या. त्यांची माणसे नदी ओलांडताना बुडाली होती. दोन्ही राजे अनवाणी चालत आले आणि त्यांनी नदीत तीळपाणी सोडून त्या सावल्यांना तिलांजली दिली. त्यांचे सुतक दोन्ही राज्यांनी पाळले.