पैलतीरावरच्या साळुंक्या

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. तरी सांगते, पण हळू.

एका राज्यात दोन तीरं होती आणि मधे समुद्र होता. ऐलतीरावर राजा धवलकेतू राही, पैलतीरावर त्याची प्रजा. राजानं पैलतीर कधी पाहिलं नव्हतं. दरबारात तिथला एकही माणूस नव्हता. आज्ञा मात्र गलबतातून येत. पहिली आली: प्रत्येक कागदावर राजाची मोहोर लागेल. दुसरी आली: प्रत्येक घरात राजाची एक साळुंकी पाहुणी म्हणून राहील. तिसरी आली: साळुंकी ज्याचं नाव घेईल, त्याचा न्याय समुद्रापार होईल. समुद्रापार नेलेला कुणी परतला नव्हता.

पाहुण्याला पहिला घास द्यायचा आणि घास देताना घरची एक गोष्ट सांगायची, अशी पैलतीराची रीत. साळुंक्यांसाठीही लोकांनी ती पाळली. पुढे भीती वाढली, तेव्हा लोक घरची सोडून शेजारची गोष्ट सांगू लागले. विहिरीवरचं बोलणं थांबलं. दारं भर दुपारीही लोटलेली असत.

एके सकाळी सुतार सोमदत्ताचं नाव आलं. "दरबारात आपलं कोण आहे?" एवढंच तो जेवताना म्हणाला होता. राजाच्या दूतानं त्याचे हात बांधले. सूर्यास्ताला गलबत सुटणार होतं.

त्याची मुलगी चंपावती घरच्या साळुंकीपुढे उभी राहिली. "बाबांचं नाव तू घेतलंस?"

"मी नाही. शेजारच्या केतकीबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि आपल्या साळुंकीला सांगितलं."

"त्यांच्या झिंज्याच उपटते!"

"जा की. त्यांच्या दिराचं नाव मला कुणी सांगितलं, तेही सांगून ये."

चंपावतीची मान खाली गेली. ते तिनंच सांगितलं होतं.

"हा शाप सुटेल कसा?"

"घास बंद केलास, तर मी दुसरीकडे जेवेन. मान मुरगळलीस, तर दुसरी येईल. माझ्या कानात सांगितलंस ते चौकात सांगितलंस, तर माझी वाचा जाईल."

चंपावती चौकात गेली. ती मोठ्यानं म्हणाली, "केतकीकाकू, तुमच्या दिराचं नाव मी दिलं."

"कार्टे! मला वाटलं, पलीकडच्या कुंभारणीनं दिलं." केतकीबाई रडू लागल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाचं मी दिलं गं."

कुंभारीण पुढे झाली. मग तिचा नवरा. संध्याकाळपर्यंत सगळं गाव बोललं, आणि घराघरांतल्या साळुंक्या नुसत्या किलबिलू लागल्या.

दूत गोंधळला. "गलबतावर चढवताना साळुंकीनं नाव पुन्हा घ्यायला हवं. आता मी नेऊ कुणाला?"

"गलबत रिकामंच ने. हलकं चालेल," केतकीबाई म्हणाल्या.

सोमदत्ताचे हात सुटले. चंपावतीनं ते क्षणभर धरले, मग ती दूताकडे वळली. "राजाला सांग, आमची नेलेली माणसं परत येईपर्यंत पैलतीरावर त्याची एकही आज्ञा—"

आले, आले! कुणाशी बोलत नाहीये गं, आई, एकटीच बसलेय.