मोगऱ्याच्या मुंडावळ्या

निर्मळगिरी महाराज सावळदरे गावी सोमेश्वराच्या देवळामागे चिंचेखाली उतरले होते, तेव्हाची ही हकिकत. महाराज बोलायचे मोजकंच, आणि बोललेलं ऐकणाऱ्याला लगेच कळेल तर शपथ! त्या वर्षी देवळाच्या गुरवीण म्हाळसाबाई यांचा तर पार गोंधळ उडाला.

चैत्रातल्या अष्टमीला सोमेश्वराचं पार्वतीशी लग्न लागतं. देवाच्या कपाळी बांधायच्या मुंडावळ्या म्हाळसाबाईंच्या परसातल्या मोगऱ्याच्याच, हा त्यांच्या घराण्याचा मान. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाईंना जगात उरलं होतं काय, तर मोगऱ्याची नऊ झाडं आणि हा मान.

मार्गशीर्षात थंडी पडू लागली तशी एक दिवस महाराज परसात आले. म्हणाले, "बाई, आता मोगऱ्याचं पाणी तोड. पानं काढ, फांद्या छाट, बुडाची माती सारून मुळांना ऊन दाखव."

"अगं बाई! थंडीत आपण घोंगडी घेतो, आणि झाडांना उघडं पाडायचं?"

"झोपायचे दिवस आहेत त्यांचे. झोपू दे," असं म्हणून महाराज निघूनही गेले.

बाईंनी काळजावर दगड ठेवून सगळं केलं. पण एका गोष्टीपाशी त्या अडल्या. देवाच्या अभिषेकाचं पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून गुरवाघरी ते झाडांच्या बुडाशी घालतात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत! बाईंनी मनाशी म्हटलं, तोडायचं ते विहिरीचं पाणी. हे तर तीर्थ. त्या रोज कळशीभर तीर्थ नऊ आळ्यांत घालत राहिल्या. झाडांना ऐन थंडीत कोवळी पालवी फुटली. बाई हरखून गेल्या.

आणि पौषात एका पहाटे दवाचं बर्फ झालं. उन्हं वर आली तेव्हा सगळी पालवी काळी पडली होती, फांद्या करपल्या होत्या.

शेजारी त्र्यंबकराव इनामदारांची बाग होती. त्यांच्या मोगऱ्यावर तरटं घातलेली, बुडाशी रोज मोटेचं पाणी, आणि झाडं हिरवीगार. कुंपणावरून डोकावून ते खो खो हसले. "काय गुरवीणबाई, गोसाव्याच्या नादाने झाडं मारलीत ना? बसा आता जप करत! अष्टमीला तुमच्याकडे एक कळी निघायची नाही. मग मुंडावळ्या माझ्या बागेच्या, आणि यापुढे मानही माझाच." हे ऐकून गावच्या पंचांनीही मान डोलावली. फुलं नाहीत म्हणून देवाचं लग्न थोडंच अडून राहणार?

बाई रडत महाराजांपुढे जाऊन पडल्या. तीर्थाची गोष्टही त्यांनी लपवली नाही. वाटलं, आता काही आपली धडगत नाही. तर महाराज हसायलाच लागले! "वेडी गं वेडी! जाऊ दे. करपलेलं सगळं जमिनीपर्यंत काप. आणि उद्यापासून तीर्थ झाडांना नको, या कमंडलूत आणून ओत."

आता तो कमंडलू केवढा? तांब्याभर पाणी मावेल एवढा. बाई रोज कळशीभर तीर्थ ओतायच्या आणि तो काही भरायचा नाही. त्यांनी आत डोकावून पाहिलं, तळ कोरडा. खाली चाचपून पाहिलं, जमीनही कोरडी. पाणी जातं कुठे? माघ आला, गावातले लोक मोगऱ्याला शेणखत आणि पाणी देऊ लागले. बाईंनी भीत भीत विचारलं, "आता तरी घालू का?"

"अजून नाही."

फाल्गुन गेला, होळी झाली, तरी तेच उत्तर. परसात नऊ वाळके बुडखे तेवढे उरले. महाराज आपल्याला तारताहेत की आपली परीक्षा पाहताहेत, बाईंना काही केल्या उमजेना. तरी कळशी ओतायची मात्र त्या चुकल्या नाहीत.

पाडव्याला त्र्यंबकराव मुद्दाम परसात आले. "आता सात दिवस राहिले, बाई. मान सोडल्याचं आजच सांगून टाका, उगाच चारचौघांत शोभा नको."

तेवढ्यात महाराज आले. त्यांनी पहिल्या आळ्यावर कमंडलू कलता केला. धार लागली! पहिलं आळं भरलं, दुसरं भरलं, नऊच्या नऊ तुडुंब भरली, तरी धार आटेना. बाईंनी आपल्या तीन महिन्यांच्या कळश्या ओळखल्या.

त्र्यंबकराव दोन पावलं मागे सरले, पण तोरा गेला नाही. "पाणी दिलंत, पण सात दिवसांत वाळक्या बुडख्यांना कळ्या कुठून येणार?"

अष्टमीच्या सकाळी परसाचं दार उघडायला बाईंचे हात धजेनात. फटीतून वास आला. दार लोटून पाहतात तो काय, पानंही नीट न फुटलेल्या कोंबांवर टपोऱ्या कळ्यांचे घोसच्या घोस! बाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

तिकडे त्र्यंबकरावांनी आपली बाग पालथी घातली. पानं उदंड, कळी एक नाही. रिकामी परडी घेऊनच ते बाईंच्या परसात आले. तिथे महाराज बसले होते, आणि बाई सुईदोरा घेऊन कळ्या ओवत होत्या.

"महाराज, मी काय कमी केलं हो? एक दिवस पाणी चुकवलं नाही!"

महाराज म्हणाले, "तेच तर झालं. तुम्ही त्याला तहान लागूच दिली नाहीत."

त्र्यंबकरावांनी रिकामी परडी खाली ठेवली. मग पागोटं काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तसेच वळून बाईंपुढे वाकले. "चुकलो, बाई. मान तुमचाच."

इनामदार आपल्यासमोर वाकलेत, आता काय करावं? बाई पुरत्या गांगरल्या. "अहो, उठा, उठा! लग्नाची वेळ होत आली, माझ्या एकटीच्याने कसं आवरणार? हे टोक धरा बघू," म्हणत त्यांनी दोऱ्याचं टोक त्यांच्या हातात दिलं.

त्या वर्षी सोमेश्वराच्या मुंडावळ्या ओवून होईस्तोवर त्र्यंबकराव इनामदार दोरा धरून बसले होते.