चावीवाली आणि शिळं पाणी

एका शहरात एक चावीवाली होती. नगरसभेची साधी नोकर. रोज सकाळी तळ्यावर जायचं, भलीमोठी लोखंडी चावी फिरवायची आणि शहराला पाणी सोडायचं, हे तिचं काम.

त्या शहराला एक खोड होती. नळाला पाणी आलं, की लोक आधी कालचे भरलेले हंडे आणि पिंपं मोरीत ओतायचे. "शी! शिळं पाणी कोण पिणार?" मग पुन्हा काठोकाठ भरायचे आणि दुसऱ्या दिवशी तेही ओतायचे. टेकडीवरच्या वस्तीला पाणी सगळ्यांत शेवटी मिळे. म्हणजे मिळतच नसे, नळातून नुसती हवा फुसफुसायची.

एका वर्षी पाऊस कमी झाला. तळ्याला पायऱ्या नऊ, आणि माघातच सहावी उघडी पडली. चावीवालीने पाणी एक दिवस खालच्या पेठांना आणि एक दिवस टेकडीला सोडायला सुरुवात केली.

नगरप्रमुख तरातरा तळ्यावर आले. मागे निम्मी पेठ.

"कुणाला विचारून बंद केलंस? रोज ताजं पाणी हवं आम्हाला!"

"साहेब, तळ्यात पाणी पडलं आषाढात. सात महिने झाले. ते ताजं, आणि तुमच्या पिंपात काल आलेलं शिळं? हे कुठलं शास्त्र?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नगरप्रमुख लालबुंद झाले.

"चावी ठेव आणि घरी जा!"

"नाही ठेवत! चावी नगरसभेची आहे, तुमच्या एकट्याची नाही. सभा बोलवा. सगळ्यांसमोर सांगा, की आम्हाला पाणी मोरीत ओतायचंय, म्हणून टेकडीवरची लेकरं तहानलेली राहू देत. सभेने हात वर केले, तर मी आपण होऊन चावी ठेवीन."

असं म्हणून ती चावी मांडीवर घेऊन तिथेच बसली. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं, पण ती हलली नाही.

सभा भरली. "एक दिवसाआड पाणी कुणाला नको? हात वर करा!" नगरप्रमुख गरजले. लोक एकमेकांकडे बघू लागले. टेकडीवरची माणसं समोरच रिकामे हंडे घेऊन बसली होती. त्यांच्या तोंडावर हात वर करायचा कुणी?

तेवढ्यात नगरप्रमुखांची बायको उठली. "अहो, मला चालेल दिवसाआड. रोज पिंप ओतून माझी कंबर मोडली!"

सगळी सभा हसली आणि नियम झाला: पाणी दिवसाआड, आणि जो भरलेलं ओतेल त्याला सगळ्यांत शेवटी.

ज्येष्ठात पाऊस आला, तेव्हा तळ्याची नववी पायरी अजून पाण्याखाली होती. नगरप्रमुख चावीवालीशी आजही बोलत नाहीत. कालचं पाणी मात्र मुकाट्याने पितात.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: पाणी सगळ्यांचं, तर त्याचा निर्णयही सगळ्यांसमोर व्हावा, आणि उधळणारा कितीही मोठा असला, तरी त्याच्यापुढे चावी खाली ठेवू नये.