टोपलीभर कामोणी

“मग अजून शिकायचं काय राहिलंय?” पद्माकरनं विचारलं.

हरबा वैद्य काढ्याखालचा जाळ कमी करत राहिले.

पद्माकरला त्यांच्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन पहिला आला होता, आणि ही गोष्ट गावातल्या म्हशी सोडल्या तर सगळ्यांना ठाऊक होती. आता त्याला एकट्यानं रोगी बघायची परवानगी हवी होती. वैद्यबुवा हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते.

त्या सकाळी त्यानं हट्टच धरला. वांग्याच्या कुळातली कुठलीही वनस्पती समोर ठेवा, म्हणाला. एक जरी चुकलो तर आल्या वाटेनं परत जाईन.

वैद्यबुवांनी बांधावरून, परसातून एकेक आणून ठेवली. पद्माकरनं रिंगणी ओळखली, डोरली ओळखली, अश्वगंधा तर लांबूनच. धोतऱ्याचं लॅटिन नाव त्यानं असं काही उच्चारलं, की धोतराही संकोचला असावा.

शेवटी वैद्यबुवांनी टोपलीभर हिरवा पाला पुढे सरकवला.

“आणि ही?”

पद्माकरनं वरचीच डहाळी उचलली. चिमुकली पांढरी फुलं, काळी फळं... “कामोणी. पोरंसुद्धा सांगतील.”

“सगळी?”

“सगळी.”

“मग भाजी करायला हरकत नाही.”

टोपली आत वैद्यबुवांच्या बायकोकडे, काकूंकडे गेली. काकूंनी सवयीनं सूप ओढलं. निवडल्याशिवाय त्यांनी जन्मात पालेभाजी फोडणीला टाकली नव्हती. वैद्यबुवा म्हणाले, आज निवडू नका, विद्वानानं बघितलीय. काकूंनी विद्वानाकडे एकदा बघितलं आणि पाला धुऊन तसाच चिरला.

दुपारी दोघं पानावर बसले. पद्माकर रंगात आला होता. धोतऱ्याचं रोप कोवळं असताना कामोणीसारखंच कसं दिसतं, खेड्यापाड्यांत ते भाजीत जाऊन धडधाकट माणसं कशी भ्रमिष्ट होतात, सगळा अडाणीपणा, दुसरं काय...

बोलता बोलता त्याची नजर पानातल्या भाजीवर गेली.

वैद्यबुवांनी भाकरी मोडली. भाजी घेतली. घास वर नेला.

पद्माकरनं त्यांचं मनगट धरलं. तीन वर्षांत त्यानं पायांखेरीज गुरूच्या अंगाला हात लावला नव्हता.

“थांबा.”

“का रे?”

“मी... वरची एकच डहाळी बघितली होती.”

चुलीपुढे काकूंचा हात थांबला.

पद्माकर खाली मान घालून बसला. सामान बांधायला फारसा वेळ लागणार नव्हता. पुस्तकं तेवढी जड होती.

वैद्यबुवांनी मनगट सोडवून घेतलं, घास तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

“तोडताना पान अन् पान मी बघितलं होतं,” ते म्हणाले.

मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाले, “उद्याचा पहिला रोगी तू बघ.”